महाळुंगाला धाक

भट्टीत तडकलेली मडकी मी फेकत नाही.
फोडतो आणि झाडाच्या बुडाशी घालतो.
खानापुरात पाऊस बसला की उठायचं नाव नाही,
तांबड्या मातीत पाणी तुंबतं, मुळं कुजतात;
खापऱ्यांवर उभं केलं तर महाळुंग जगतं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
दोन रोपं मेली, तिसऱ्यानं शिकवलं.

बी दिलं शेजारच्या निंगव्वानं,
बैलहोंगलच्या काळ्या रानातलं, पदराच्या गाठीतून.
"मादळ," म्हणाली.
मी म्हटलं, महाळुंग. अंबाबाईच्या हातात असतंय ते.
"असू दे की. खरं बी माझ्या अव्वाच्या झाडाचं."
आणि वाद मिटला, म्हणजे
तिच्यापुरता.

सात वर्षं नुसता पाला.
काटे मात्र पहिल्याच सालापासून, दाभणासारखे.
चाकावर बसलो की कालचा काटा अंगठ्यात जागा व्हायचा,
मडक्याच्या गळ्यावर एक बारीक रेघ उठायची.
गिऱ्हाईक विचारायचं, ही नक्षी का?
मी म्हणायचो, व्हय, नक्षी.

कोवळ्या पानांवर अळ्या यायच्या,
चिमणीनं शिटल्यासारख्या.
एकीला काडीनं डिवचलं तर
डोक्यातून दोन नारिंगी शिंगं काढली तिनं,
वास तोच, महाळुंगाचा, खरं आंबलेला.
ज्याचं खाल्लं त्याच्याच वासानं मला हाकलत होती.
मी निम्म्या वेचल्या, निम्म्या ठेवल्या.
घरात सांगितलं, राख टाकायची राहून गेली.

आठव्या उन्हाळ्यात निंगव्वा म्हणाली,
झाडाला धाक दाखवा.
झाडाला?
तिच्या गावात दाखवतात. एकानं कुऱ्हाड उचलायची,
दुसऱ्यानं जामीन राहायचं.

अवसेच्या सांजेला मी लुंगी खोचली, घसा खाकरला
आणि आमच्या भाषेत त्याला शिव्या घातल्या:
फुकट्या, सात भट्ट्यांची राख खाल्लीस,
आज तुला उभं चिरतो!
निंगव्वा आडवी आली, बुंध्याला कवळा घालून,
काटे टोचले असणार,
"कडीब्याड्री! मुंदिन वर्सा कायी कोडतैती!"
तोडू नका, पुढच्या वर्षी फळ देईल.
तेवढं कानडी मला येतं. झाडाला किती येतं, माहीत नाही.
कुऱ्हाड थांबली तेव्हा ती हसत नव्हती.
मीही नव्हतो.
तिचा नवरा, रेल्वेतला फकीरप्पा,
कुंपणावरून म्हणाला, जेवायचं बघताय की नाही?

पुढच्या वर्षी काही आलं नाही.
फकीरप्पाची नोकरी संपली, ती दोघं बैलहोंगलला गेली.
जाताना तिनं दोन पानं चुरगाळून नाकाशी धरली
आणि चोळीत खोवली, बस्स.

त्याच्या पुढच्या वर्षी एक फळ धरलं.
जांभळट कळी, पांढरं फूल, हिरवी गाठ,
आणि दिवाळीच्या सुमाराला
नारळाएवढं, सुरकुतलेलं, पिवळंधमक.
फांदी वाकली म्हणून खाली रांजण पालथा घातला, टेकायला.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली.
कंडक्टर तिकीट द्यायला वाकला तो वाकूनच राहिला,
म्हणाला, काय नेताय, अत्तर?

तिनं फळ कापलं. रस चमचाभर.
बाकी सगळी साल, बोटभर जाड, पांढरी, मऊ.
मी ओशाळलो. दहा वर्षं, आणि हे?
ती म्हणाली, हे असंच असतं हो,
सालीसाठीच लावतात.
फोडी केल्या, मीठ चोळलं, गूळ किसला,
आणि मी नेलेल्या बरणीत थर लावत गेली.

बरणी उन्हात ठेवताना
तिचं बोट गळ्यावर थांबलं.
ही रेघ कसली?

तुझ्या मादळाची, म्हटलं.